मारियाबाईचं पेडगाव

गवळणवाडी, ता. पाटोदा, जि. बीड
१० फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप मारियाताई यांना,

शिवकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपण कावीळ घेऊन हॉलंडला परत गेलात, त्याला तीन महिने झाले. सासूबाई, म्हणजे केशरबाई, म्हणजे तुमच्या मराठीच्या मास्तरीण, रोज विचारतात, "मारियाचे डोळे पांढरे झाले का गं?" तरी कृपया डोळ्यांचा रंग कळवावा.

इकडे दुष्काळ सरला. बायांच्या हातातली खडी फोडायची हातोडी सुटली, पण अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव अजून जिभेवरून सुटत नाही. ज्या शेडमध्ये तुम्ही चौदा महिने लेकरांना सुकडी आणि दूध वाटलंत, ती शेड रिकामी आहे. तिथं आम्ही एकवीस बाया मिळून बायांची दूध सोसायटी काढणार आहोत. एकीची गाय, दुसरीची म्हैस, भामाबाईच्या नुसत्या शेळ्या, पण चेअरमन होण्याची इच्छा सर्वांत जास्त तिचीच.

अडचण एकच. अर्जुनराव. आमच्या गावात झाडाला पान फुटायचं तरी अर्जुनरावांना विचारून फुटतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. ते म्हणतात, सोसायटी काढा, पण शेडमध्ये नको, माझ्या गोठ्यापुढच्या पत्र्याखाली काढा. आणि माझ्या आईचं, कै. साखराबाईंचं नाव द्या. ताई, दूध एकदा त्यांच्या गोठ्यात गेलं की सोसायटी त्यांची, हे न कळायला आम्ही काही म्हशी नाही. म्हणून सासूबाई बोलून गेल्या, "नाव मारियाबाईचं द्यायचं. शेड तिची, सोसायटी तिची."

अर्जुनराव हसले. म्हणाले, "द्या की. पण कागदावर पूर्ण नाव लागतंय. बापाचं नाव, गाव. कोण कुठली बाई ती? हेर असंल एखाद्या वेळी."

तरी आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव व धंदा उलट टपाली कळवावा.

आपली,
शिवकन्या आसाराम


हॉलंड
३ मार्च १९७४

शिवकन्ये,

तुजं पत्र मिळालं. डोळे पांढरे झाले म्हनून सांग. तू शाळेतल्यावानी लिहितीस आन् मी तुज्या सासूवानी. माझी मराठी म्हंजी केशरबाईची मराठी. इथं विद्यापीठात एक पंडित हायत, संस्कृत शिकलेले. त्यांना मी म्हनलं, "कावून बसलाव?" त्यांनी ग्रंथ उघडून बघितला. घावलं न्हाई.

माझं नाव देऊ नका गं. मी काय केलं? दूध पावडर पान्यात कालवली. केशरबाईचं नाव द्या. न्हाईतर भामाबाईच्या त्या काळ्या शेळीचं द्या, तिनं दुष्काळातबी दूध सोडलं न्हाई.

तरीबी कागदाला लागतंयच म्हनत असशील तर लिही : मारिया. बापाचं नाव पीटर. धंदा दूध घालायचा. गाव लई ल्हान, नकाशात न्हाई. तिथं कुनी विचारायला गेलं तरी घावनार न्हाई, म्हनून अर्जुनरावाला सांग, जाऊ नका.

शेड सोडू नका. पत्र्याला गंज चढला आसंल, त्याला रंग द्या.

तुजी,
मारियाताई


गवळणवाडी
२५ मार्च १९७४

तीर्थरूप मारियाताई यांना नमस्कार.

पत्र पोहोचलं. राग मानू नये, पण तुम्ही खोटं बोलता.

दुपारी शेडमध्ये सगळ्या जमलो असताना मी पत्र वाचलं. 'बाप दूध घालायचा' हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "दूध? मला तर म्हनली, बाप चर्चात घंटा वाजवायचा." कडूबाई म्हणाली, "मला म्हनली, होडी चालवायचा." आणि ताई, मला तुम्ही सांगितलं होतं की वडील बटणं विकायचे. कडूबाईच्या नातवाच्या सदऱ्याला बटण लावत होता तुम्ही तेव्हा. एका माणसानं घंटा वाजवायची, होडी चालवायची, दूध घालायचं आणि बटणं विकायची, म्हणजे तो काय अर्जुनराव होता?

मला वाटतं बटणांचं खरं. कारण बाकी सगळ्या जणींना सांगताना तुम्ही हसत होता म्हणे. बटणांचं सांगताना हसला नव्हता.

ताई, खोटं बोलण्याचा मला राग नाही. उलट कौतुक आहे. आम्हीही तेच करतो. गावाला वाटतं, बाया रोज दुपारी शेडमध्ये भजनाला बसतात. खरं म्हणजे मी त्यांना लिहायला शिकवते. एक जण दारात बसते. पुरुष येताना दिसला की ती टाळ वाजवते, पाट्या मांडीखाली जातात आणि आम्ही अभंग धरतो. अभंग एकच येतो, म्हणून माझे मालक आसाराम परवा म्हणाले, "दुसरं काई पाठ व्हईना का तुमाला?" मागच्या महिन्यात अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला जातो सांगून मी आणि कडूबाई तिथल्या सहकार शिबिरात बसून आलो. देवीचंही दर्शन घेतलं, म्हणजे अर्धं खरंच झालं.

आम्हाला लिहिता येतं हे अर्जुनरावांना कळलं तर शेडला उद्याच कुलूप लागेल. म्हणून आम्ही एकवीस जणी अंगठेबहाद्दर आहोत. तेव्हा लपवालपवीचं आम्हाला सांगायला हरकत नाही. तुमचे वडील कोण?

आपली,
शिवकन्या


हॉलंड
२१ एप्रिल १९७४

शिवकन्ये,

धरलंस. मला जर्मनांनी धरलं न्हाई, त्यांच्या कुत्र्यांनी धरलं न्हाई, आन् गवळणवाडीतल्या सातवी पास बाईनं धरलं.

बटनांचं खरं हाय. माझं नाव सिपोरा. बाबांचं नाव बारूख. आमी ज्यू. तुमच्या कोकनात आमच्या धर्माची मानसं लई पिढ्यांपासून हायत. शनिवारी तेलाचा घाना बंद ठेवायचे म्हनून लोक त्यांना शनवार तेली म्हनायचे. तसे माझे बाबा शनवार बटनवाले. सहा दिस दारोदार बटनं, सातव्या दिशी काई न्हाई.

मी सतरा वर्सांची आसताना हिटलरचं सैन्य आमच्या देशात शिरलं. आधी म्हनाले, ज्यूंनी बागेतल्या बाकावर बसू नका. मग म्हनाले, सायकली द्या. मग, कोटावर पिवळी चांदनी शिवा. मग म्हनाले, आगगाडीत बसा, कामाला नेतो. गाडीत बसून गेलेल्यांची पत्रं यायची बंद झाली. बाबा म्हनाले, आपन बसायचं न्हाई.

आई-बाबांना एका शेतकऱ्यानं गवताच्या माळ्यावर लपवलं. माझं काय करायचं? मी एकोनीस वर्सांची, तोंडानं चुरूचुरू. माळ्यावर ठेवली आसती तर माझ्या बडबडीनं सगळेच सापडले आसते. म्हनून मला उघड्यावर लपवली.

आमच्या गल्लीत बेकरीत एक कॅथलिक पोरगी कामाला व्हती. मारिया. तिनं आपलं ओळखपत्र मला देऊन टाकलं आन् कचेरीत जाऊन मोठ्यानं रडली की नदीत पडलं. कार्डावर फोटो आन् बोटाचा ठसा आसायचा. फोटो माझा चिटकवला. ठसा तिचाच राह्यला. मग मी नदीपल्याडच्या गावात जाऊन मोलकरनीची नोकरी धरली. कुनाच्या घरी? नगराध्यक्षाच्या. त्याला जर्मनांनीच खुर्चीत बसवलेला. ज्या घरातून ज्यू शोधायला मानसं सुटतात, त्या घरात ज्यू कोन शोधनार?

केशरबाई म्हनतात ना, येड पांघरून पेडगावला जावं. माझं पेडगाव ते. मारिया म्हंजी ठार अडानी. तिला घड्याळ वाचता येईना, उजवं-डावं कळंना. साहेब मेजावर कागद उघडे टाकून जायचा : कुठल्या घराची झडती, कवा. मी कागद उलटा धरून धूळ पुसायचे. बघनारा म्हनायचा, ह्या ठोंबीला सुलटं-उलटंबी कळंना. मला उलटं वाचायची सवय झाली, ती आजून हाय.

पन वाचलेलं भाईर कसं न्यायचं? मोलकरनीला शनिवारच्या चर्चाबिगर फाटकाभाईर जायची मुभा न्हाई. इचार करता करता हातातली बशी पडली. खरंच पडली. मालकीन वरडली आन् म्हनली, "जा आत्ताच्या आत्ता, कोबूसच्या दुकानातून तसलीच घेऊन ये." कोबूस भांडीवाला आमच्यातला मानूस, मानसं लपवनाऱ्यांतला. मग काय! झडतीची यादी आली की बशी फुटली. आठ दिसांनी सूपाची थाळी. मग कप. मालकीन कान पिळायची, ठोंबी म्हनायची. एकदा तिनं मला हात कापतात म्हनून डाक्टरला दाखवलं. डाक्टरनं शक्तीचं औषध दिलं. त्या बाटलीनंबी मी एक बशी फोडली.

दर शनिवारी चर्चात जाऊन पापं सांगायची. मी खऱ्या पापांतलं एकबी सांगू शकत नव्हते, म्हनून दुसऱ्याची सांगायचे, मालकिनीची. तिथल्या फादरला सगळं ठावं व्हतं. जाळीतून तो हळूच म्हनला, "पोरी, प्रार्थना म्हन तीन. आन् निळ्या नक्षीच्या बशा फोडू नको, त्या कोबूसकडं संपल्या हायत."

दोन वर्सांत एकेचाळीस भांडी फोडली. प्रत्येकामागं एक घर येळेवर रिकामं झालं.

हे अर्जुनरावाला दाखवू नको. बायांना वाचून दाखव.

तुजी,
कोन म्हनून लिहू? मारियाताईच लिहिते


गवळणवाडी
१६ मे १९७४

तीर्थरूप ताई यांना नमस्कार.

तुमचं पत्र तीन दुपारी पुरवून वाचलं. मधे दोनदा टाळ वाजले, तेव्हा अभंग म्हणावा लागला आणि बाया माझ्यावरच चिडल्या, "थांबू नको गं, बशी फुटली का सांग." भामाबाईनं विचारलं, हिटलर म्हणजे कोण? मी म्हटलं, खूप वाईट माणूस होता, जर्मनीचा. ती म्हणाली, "अर्जुनरावाइतका?" मी म्हटलं, नाही गं बाई, त्याच्यापुढं अर्जुनराव म्हणजे देवमाणूस. ती जरा नाराज झाली.

सासूबाई मात्र हातातली पाटी परत परत पुसत होत्या. मग म्हणाल्या, "बशा फोडून मानसं वाचवली व्हय! आपल्याकडं पितळाच्या ताटल्या. आपटल्या तरी फुटत न्हाईत. आपन काय फोडावं?" हा प्रश्न आठ दिवस शेडमध्ये चालू आहे.

कारण असं झालंय. अर्जुनरावांनी त्यांच्या मुलाकडून, गहिनीनाथाकडून, सोसायटीचा अर्ज लिहून घेतला. जागा : त्यांचा पत्रा. नाव : कै. साखराबाई. खाली आम्हा एकवीस जणींची नावं आणि अंगठ्यासाठी एकवीस चौकोन. जुलैच्या दोन तारखेला बीडहून सहकार खात्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर अंगठे घ्यायचे. मला अर्जुनराव म्हणाले, "शिवकन्या, तुमाला काई करायचं न्हाई. फकस्त अंगठा आना संगं." जसा काही आम्ही एरवी तो घरी विसरून जातो.

ताई, एक विचारते. सगळ्या म्हणाल्या, विचारू नको. पण सासूबाई म्हणाल्या, विचार. तुमच्या बशांनी लोकांची घरं वाचली. तुमच्या आई-वडिलांचं काय झालं?

आपली,
शिवकन्या


हॉलंड
९ जून १९७४

शिवकन्ये,

केशरबाईंना सांग, इचारलं ते बरं केलं. इथं कुनी इचारत न्हाई. इथल्या मानसांना वाटतं, इचारलं तर मला तरास व्हईल. तरास न इचारल्यानं व्हतो.

१९४४ ची गोष्ट. एक दिशी रविवारी दुपारी साहेबाकडं जर्मन अधिकारी जेवायला आले. कोट उतरवताना त्यांच्यातल्या एकानं मेजावर कागद ठेवला. मी पुसायच्या मिशानं बघितला. त्याच दिशी दुपारी तीन वाजता शेतांवर झडती. चार शेतं. तिसरं नाव आई-बाबांच्या शेतकऱ्याचं.

दीड वाजला व्हता. रविवार, कोबूसचं दुकान बंद. साधी बशी फोडली तर मालकीन म्हननार, उद्या आन. मी सैपाकघरात उभी राह्यले. हातात सूपाचं मोठं भांडं, झाकनाचं, जर्मनीहून आनलेलं. मालकिनीच्या आईनं लग्नात दिलेलं. घरात सूप वाढायला तेवढं एकच भांडं व्हतं.

मी ते घेऊन आत गेले आन् पाव्हन्यांच्या फुड्यात सोडून दिलं.

सूप एका अधिकाऱ्याच्या बुटात गेलं. मालकिनीनं मला दोन्ही गालांवर मारलं, मग रडली, मग म्हनली, "पळ कोबूसच्या घरी, दार ठोठाव, कसलंबी भांडं आन, पाव्हने उपाशी बसलेत." मी पळाले न्हाई. ठोंब्या मोलकरनी पळत नसतात. चार गल्ल्या चालत गेले. तेवढं लांब मी आयुष्यात कवा चालले न्हाई.

कोबूस सायकलीवर गेला. आई माळ्यावर व्हती, तिला त्यानं ओढ्यातून नेलं. बाबा माळ्यावर नव्हते. शेतकऱ्याची मानसं रविवारी दुपारच्या प्रार्थनेला चर्चात गेली की बाबा आर्धा तास फळबागेत फिरायचे. दोन वर्सं गवतात झोपलेलं मानूस. त्यांना लाख येळा सांगितलं व्हतं, फिरू नका. गाड्या आल्या तवा ते बागेत व्हते. कोबूसनं लांबून बघितलं. बाबा घराकडं आले न्हाईत, ओढ्याकडंबी न्हाईत. सरळ मोठ्या रस्त्यावर गेले आन् गाड्यांच्या फुड्यात चालत राह्यले, जनू बटनं इकायला निघालेत. गाड्या तिथं थांबल्या. आई तेवढ्या येळात ओढा पार झाली.

त्यांनी मुद्दाम केलं का भ्यायले, ते मला ठावं न्हाई. मी दोन्ही गोष्टी मानते. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी.

बाबा परत आले न्हाईत.

लढाई सरली तवा गावातली मानसं नगराध्यक्षाच्या घरात घुसली. जर्मनांच्या पंगतीला वाढायची ती मोलकरीन म्हनून मला चौकात खुर्चीवर बसवली आन् केस कापायला लागले. मी वरडले, "मी ज्यू हाय!" सगळे हसले. त्या आठवड्यात गावातला प्रत्येक चोर तेच सांगत व्हता. एक म्हातारा म्हनला, ज्यू आसशील तर तुमची प्रार्थना म्हन. शिवकन्ये, मला आठवंना. बाबांनी रोज शिकवलेली. तोंडातून निघाली ती मारियाची प्रार्थना. आर्धं डोकं भादरून झालं तवा कोबूस धावत आला आन् वरडला, "सोडा तिला! हीच ती भांडी फोडनारी!" नगराध्यक्षाची ठोंबी मोलकरीन भांडी फोडती, हे गावातल्या प्रत्येक घराला ठावं व्हतं; कशापायी फोडती, ते तवा कळलं. कुनाचा भाऊ, कुनाचा शेजारी त्या फुटक्या भांड्यांमुळं जित्ता व्हता. आर्ध्या मिनिटात हजामत थांबली. पन आर्धीच झालती, म्हनून उरलेली मीच करायला लावली. आर्ध्या डोक्यानं घरी कसं जायाचं?

आई सापडली. ती मला मारिया म्हनायला लागली. भीतीनं. पडदे लावून, दोघीच आसतानाबी मारिया. सात वर्सांनी गेली, जाताना पानी मागितलं तेबी मारियाकडं मागितलं. सिपोरा म्हनून मला शेवटली हाक बाबांची. मग मीबी सोडून दिलं. नर्स झाले, दुष्काळ पडंल तिथं गेले, सगळीकडं मारिया म्हनून.

आता तुमच्या अंगठ्याचं. मला येवढंच ठावं हाय : हुशार बाईवर सगळे ध्यान ठेवतात, ठोंबीवर कुनी ठेवत न्हाई. पितळ फुटत न्हाई हे खरं. पन कागद पितळाचा नसतो.

नाव कंचं द्यायचं ते तुमी ठरवा. मला आता लपवायचा कटाळा आलाय.

तुजी ताई


गवळणवाडी
७ जुलै १९७४

तीर्थरूप सिपोराताई यांना,

हे नाव मुद्दाम लिहिलं आहे. चुकलं असल्यास कळवावं.

तुमच्या पत्रातलं वडिलांचं आम्ही एकदाच वाचलं. बाया उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट अंगठ्याच्या तयारीला लागल्या.

दोन तारखेला साहेब आले. मारुतीच्या पारावर सतरंजी, खुर्च्या, अर्जुनरावांचा फेटा, सगळं गाव. गहिनीनाथानं अर्ज आणि शाईचा पॅड मांडला. पहिली भामाबाई. तिनं अख्खा पंजा पॅडवर दाबला आणि अर्जावर मधोमध उमटवला. साहेब दचकले. "अहो बाई, अंगठा!" ती म्हणाली, "एकवीस जागा हायत नव्हं? म्या म्हनलं, पाच एकदमच उरकाव्यात." मग कडूबाई. तिनं डावा की उजवा, आधी की नंतर, असं विचारत विचारत तीन चौकोनांत तीन अंगठे दिले आणि घाबरल्यासारखी होऊन पदरानं ते पुसले. नाव, जागा, कै. साखराबाई, सगळं निळं झालं. गहिनीनाथानं दुसरी प्रत काढली. सासूबाई म्हणाल्या, "थांबा साहेब, तुमच्या मेजावर शाई सांडली," आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती दुसरी प्रत उचलून मेज स्वच्छ पुसून काढलं.

अर्जुनराव ओरडले, "अडानी बाया! म्हनून म्हनतो, बायांच्या हाती कारभार देऊ नये!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता अर्ज आणायचा कुठून? मला संध्याकाळच्या आत बीडला जायचंय."

मी पदर पुढं ओढून हळूच म्हटलं, "साहेब, एक कोरा हाय. अंबाजोगाईला देवीला गेलतो, तिथं शिबिरात वाटत व्हते." कोरा कसला, ताई! सगळा भरलेला. जागा : सुकडीची शेड. चेअरमन : भामाबाई, कारण तिनं ऐकलंच नाही. साहेबांनी वाचला. अक्षर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा अक्षर पाहिलं. मग म्हणाले, "अर्ज नीट आहे. अंगठे घ्या."

भामाबाईनं गहिनीनाथाच्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली. मग कडूबाईनं. मग एकेक करत एकवीस सह्या. सासूबाईंना पाच मिनिटं लागली, 'श' त्यांना नेहमी छळतो, पण साहेब थांबले. अर्जुनरावांनी विचारलं, "ह्या कवा शिकल्या?"

सासूबाई म्हणाल्या, "भजन म्हनता म्हनता आलं."

आसाराम पहिल्यांदा हसले, मग सगळा पार. माझे मालक एवढे हसलेले मी लग्नातही पाहिले नव्हते.

पण अर्जुनराव काही लेचेपेचे नाहीत. त्यांनी नावावर बोट ठेवलं. 'सिपोरा महिला दूध उत्पादक सहकारी संस्था.' म्हणाले, "साहेब, हे परदेशी बाईचं नाव हाय. वरून परवानगी लागंल." साहेब घुटमळले. "कोण ह्या सिपोरा?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, "माझी लेक हाय. थोरली."

"असलं नाव?"

"बारशाला आत्यानं ठेवलं. आमच्या हातात काय व्हतं?"

"राहते कुठं?"

"हॉलंडात दिलीया."

साहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "वय काय तिचं? आणि तुमचं?" सासूबाई म्हणाल्या, "निजामाच्या राज्यातलं वय साहेब, त्याला कागद न्हाई." साहेबांनी शेवटचं विचारलं, "इथं खाली सिपोरा बारूख लिहिलंय. बारूख कोण?" आता ताई, सगळ्या गावाला ठाऊक आहे की माझ्या सासऱ्यांचं नाव सटवा होतं. सासूबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, मान खाली घातली आणि लाजून म्हणाल्या, "मालकाचं नाव मी घेत न्हाई."

पारावर दीडशे माणसं. एकही बोललं नाही. अर्जुनरावांनी तोंड उघडलं, पण केशरबाईच्या लेकीचा बाप कोण, असा प्रश्न भर पारावर काढायची छाती त्यांना झाली नाही. आपलंच तोंड आपल्या हातानं मिटलं त्यांनी. साहेबांनी सही केली.

शेडला रंग दिला आहे. उद्यापासून दूध.

आपली, चेअरमनच्या हाताखालची सेक्रेटरी,
शिवकन्या


हॉलंड
२८ जुलै १९७४

शिवकन्ये,

पत्र वाचून मी येवढी हसले की शेजारीन बघायला आली. मग हसायचं थांबलं. तिनं पानी दिलं.

केशरबाईंना एक इचारून कळव. मी आजवर कागदापुरती लई कायकाय झाले. त्या मला लेक म्हनाल्या, ते साहेबापुरतं का खरंच? लाजू नका, साहेबापुरतं आसलं तरी मला चालंल. पन ठावं आसावं.

सिपोरा


गवळणवाडी
श्रावन, तारीख सूनबाईला इचारली तर ती म्हनली, तुमीच बगा

सिपोरे,

ही माझ्या हातानं लिवलेली पैली चिट्टी. चुका काडू नको.

खरं का खोटं इचारतीस? मी साहेबाला खोटं बोलले. पन बोलून झाल्यावर घरी आले, भाकरी केली, आन् तुजी एक जादा झाली. तवा कळलं.

आता ऐक. अर्जुनराव दर इलेक्शनला पारावर वरडतो, गावातल्या समद्या बाया माझ्या भैनी हायत. म्हनून मी परवा त्याच्या घरी गेले. त्याला म्हनलं, भाऊ, माझी लेक दिवाळीला म्हायेरी येनार हाय. तू तिचा मामा. मामानं भाचीला लुगडं करायचं आसतं, पार गाव बगंल. तो लालबुंद झाला. पन इलेक्शन जवळ हाय.

लुगडं आनलं त्यानं, पाटोद्यातून. हिरवं, जरीकाटाचं. माझ्या लग्नातबी मला तसलं आलं न्हाई. घडी मी पेटीत ठेवलीया. दोनदा येऊन इचारून गेला, भाची कवा येती.

लवकर ये. म्हशी दोन व्याल्यात. आन् तो तिसऱ्यांदा यायच्या आत ये, न्हाईतर लुगडं परत मागंल.

तुजी आई,
केशरबाई